घोड्याचे पाय आणि स्वाराचं मरण: क्लोटच्या नावावर खपवलेली थाप

व्हॉट्सअॅपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. वर सेंट पीटर्सबर्गमधल्या एका अश्वारूढ पुतळ्याचा फोटो, खाली मजकूर. घोड्याचे पुढचे दोन्ही पाय हवेत असतील तर स्वार रणांगणावर मेला, एकच पाय उचललेला असेल तर जखमांनी मेला, चारही पाय जमिनीवर असतील तर अंथरुणात मेला, आणि म्हणे हा जगभराचा नियम प्योत्र क्लोट या रशियन शिल्पकाराने घालून दिला. पुढे क्लोटबद्दल आणखी माहिती: तो तबेल्यातला अडाणी मोतद्दार होता, पीटर द ग्रेटचा प्रसिद्ध ब्राँझ पुतळा त्यानेच केला, झार निकोलसचा पुतळा दोनच पायांवर कसा उभा आहे हे कोडं विज्ञानालाही सुटलेलं नाही, आणि एका पुलावरच्या घोड्याच्या पोटाखाली त्याने आपल्या वैऱ्याचा चेहरा लपवला. शेवटी ‘मुलांना जरूर सांगा’.

सांगितलंच कुणीतरी. माझ्या आठवीतल्या भाचीने हे सगळं शाळेच्या प्रकल्पाच्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं आणि मला विचारलं, “मामा, मग शिवाजी महाराज लढाईत गेले का? आमच्या चौकातल्या पुतळ्याच्या घोड्याचे पाय वर आहेत.” महाराज १६८० साली रायगडावर आजारपणात गेले, हे तिने चौथीतच वाचलंय. तरीही एका फॉरवर्डमुळे तिला त्याबद्दल शंका यावी, याचा मला राग आला. म्हणून हे लिहितोय.

घोड्याच्या पायांचा नियम आधी घेतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. मेसेजला पीटर्सबर्ग आवडतं ना, मग पीटर्सबर्गमध्येच तपासू. पीटर द ग्रेट १७२५ साली गेला, मूत्रमार्गाच्या दुखण्याने, अंथरुणात. त्याच शहरात त्याचे दोन अश्वारूढ पुतळे आहेत. सेनेट चौकातल्या पुतळ्याचा घोडा प्रचंड खडकाच्या टोकावर मागच्या पायांवर उसळलेला आहे, पुढचे दोन्ही पाय हवेत. मिखाइलोव्स्की किल्ल्यासमोरच्या पुतळ्याचा घोडा शांतपणे चालतोय, पुढचा एक पाय उचललेला. पहिल्या घोड्यावरून पीटर लढाईत मेला, दुसऱ्यावरून जखमांनी मेला. माणूस एक, मरण एक, आणि नियमाने निघालेली दोन्ही उत्तरं चुकीची.

आता मेसेजवर ज्याचा फोटो आहे त्या पुतळ्याकडे या. सेंट आयझॅक चौकातला झार निकोलस पहिला याचा हा पुतळा, अनावरण १८५९. यातला घोडा मात्र खरोखर क्लोटचा आहे आणि पुढचे दोन्ही पाय हवेत आहेत. निकोलस कसा गेला? क्रिमियाचं युद्ध चालू होतं हे खरं, पण आघाडी होती दूर काळ्या समुद्राकाठी आणि झार होता पीटर्सबर्गच्या विंटर पॅलेसमध्ये. १८५५ च्या हिवाळ्यात तिथेच न्यूमोनियाने गेला. ज्याच्या नावावर हा नियम खपवलाय, त्याच्याच सर्वांत गाजलेल्या अश्वारूढ पुतळ्यावर नियम सपशेल खोटा ठरतो. मेसेज लिहिणाऱ्याने स्वतः चिकटवलेल्या फोटोतल्या माणसाचं मरण शोधायला दोन मिनिटं दिली असती, तरी पुरे होतं.

एवढं कबूल करतो की ही थाप अगदीच हवेतून आलेली नाही. अमेरिकेत गेटिसबर्गच्या रणभूमीवर यादवी युद्धातल्या सेनापतींचे अश्वारूढ पुतळे आहेत, आणि तिथे हा हिशोब बऱ्याच पुतळ्यांना जुळतो. तिथल्या वाटाड्यांच्या तोंडून तो पसरला. पण तिथेसुद्धा जनरल लाँगस्ट्रीटचा पुतळा तो मोडतो: घोड्याचा पाय उचललेला, आणि लाँगस्ट्रीट त्या लढाईत जखमी झालाच नव्हता. एका रणभूमीवरचा योगायोग उचलून रशियाला आणि तिथून थेट आमच्या चौकापर्यंत आणायचा, याला माहिती म्हणत नाहीत. घोड्याचा पाय कुठे असावा हे शिल्पकार ठरवतो, पुतळा बसवणारा ठरवतो, पैसा आणि धातू ठरवतो. राजा ऐटीत दिसायला हवा असेल तर घोडा उसळतो, धीरगंभीर दिसायला हवा असेल तर चालतो.

‘विज्ञानालाही न उलगडलेलं कोडं’ वाचून तर मला क्लोटचीच दया आली. त्या माणसाने घाम गाळून सोडवलेला प्रश्न यांनी चमत्कार म्हणून वाटून टाकला. सहा मीटर उंचीचा ब्राँझचा घोडा आणि स्वार, आणि टेकायला मागचे दोनच खूर. यात तोल साधायचा तर सगळ्या वजनाचा मध्य त्या दोन खुरांच्या वर आला पाहिजे. त्यासाठी मागची बाजू जड ठेवतात, पुढची हलकी, आणि पायांतून लोखंडी आधार खाली चौथऱ्यात पक्का रोवतात. सेनेट चौकातल्या घोड्याला तिसरा आधार आहे: टापांखाली चिरडलेल्या सापाला शेपटी टेकते. वरवर ती सजावट वाटते, पण वजन पेलायला तिची मदत होते. क्लोटच्या घोड्याची शेपटी मोकळी आहे.

आणि हे पहिल्या फटक्यात जमलं असंही नाही. पहिलं ओतकाम फसलं. साचा बिघडला आणि सगळं पुन्हा करावं लागलं. दुसऱ्या वेळी पुतळा नीट उतरला. ओतकाम क्लोटला परकं नव्हतं. नामांकित ओतारी येकिमोव्ह वारल्यावर कला अकादमीची ओतशाळा १८३८ पासून त्याच्याच हाताखाली होती. आधी मेणात घडवायचं, त्यावर साचा चढवायचा, मेण वितळवून काढायचं, त्या पोकळीत तापलेलं ब्राँझ सोडायचं आणि थंड झालेल्या धातूवर छिन्नी-कानस चालवायची. स्वतःच्या मूर्ती स्वतः ओतणारे शिल्पकार त्या काळात थोडेच होते. दोन पायांवरचा घोडाही जगात पहिला नव्हे. वॉशिंग्टनमध्ये क्लार्क मिल्सने अँड्र्यू जॅक्सनचा तसा पुतळा १८५३ मध्येच उभा केला होता. (आणि जॅक्सन घरी, आजारपणात गेला. पायांचा नियम इथेही पडला.)

अडाणी मोतद्दार? क्लोटचा जन्म १८०५ चा, पीटर्सबर्गचा, बाल्टिक जर्मन सरदार घराण्यातला. पूर्ण नाव प्योत्र कार्लोविच क्लोट फॉन युर्गेन्सबुर्ग, हुद्दा बॅरन. वडील सैन्यात जनरल, नेपोलियनविरुद्धच्या युद्धात लढलेले. त्यांच्या नेमणुकीमुळे बालपण सैबेरियात, ओम्स्कला गेलं. घोड्यांचं वेड तिथलंच. पुढे तोफखान्याच्या शाळेत शिकून तो अधिकारी झाला, फावल्या वेळात लाकडाचे घोडे कोरायचा. मग नोकरी सोडून पूर्ण वेळ शिल्पाला वाहून घेतलं. यातला अर्धा दाणा खरा आहे तो मान्य: सुरुवातीला रीतसर शिक्षण नव्हतं, हात स्वतःच बसवला होता, आणि अकादमीत तो आला तोही केवळ व्याख्यानं ऐकणारा बाहेरचा विद्यार्थी म्हणून. पण त्यावरून बॅरनला मोतद्दार करणं म्हणजे गरिबीतून वर आलेल्याची गोष्ट जास्त फॉरवर्ड होते म्हणून माणसाचं आयुष्यच बदलून टाकणं झालं.

पीटरचा पुतळा त्याने केला, यावर जास्त बोलायची गरज नाही. सेनेट चौकातला तो पुतळा फाल्कोने या फ्रेंच शिल्पकाराचा, पीटरचं मस्तक त्याची शिष्या मारी-अॅन कोलो हिचं. खडकावरच कोरलंय: ‘पीटर पहिला यास, कॅथरीन दुसरी, १७८२’. क्लोट जन्मायला अजून तेवीस वर्षं होती.

राहिला वैऱ्याचा चेहरा. ही दंतकथा पीटर्सबर्गमध्ये जुनी आहे आणि तिची गंमत तिथल्या लोकांनाही वाटते. कुणी म्हणतं चेहरा नेपोलियनचा, कुणी म्हणतं क्लोटच्या बायकोच्या प्रियकराचा. चेहरा कुणाचा यावरच एकमत नाही, आणि तो आहे याला पुरावा नाही. हे घोडे पीटर्सबर्गच्या अनिचकोव्ह पुलावरचे. त्यांच्याकडे नीट पाहिलं तर असं का दिसतं ते कळतं. जिवंत अरबी घोडा समोर ठेवून केलेलं काम आहे. पोटाखालच्या फुगलेल्या शिरा, मांडीजवळच्या कातडीच्या घड्या, ताणलेले स्नायू, सगळं ब्राँझमध्ये आहे. इतक्या उंचसखल पृष्ठभागावर ऊन तिरपं पडलं की डोळे-नाक शोधणाऱ्याला डोळे-नाक सापडतातच.

या पुलाबद्दल सांगण्यासारखं खरं इतकं आहे की थापेची गरजच नाही. पुलावर चार शिल्पं, प्रत्येकात एक उघडा तरुण आणि एक बेफाम घोडा. एकात तरुण जमिनीवर आपटलेला आहे, तरी लगाम सुटलेला नाही. १८४१ मध्ये पूल खुला झाला तेव्हा दोनच शिल्पं ब्राँझची होती. उरलेली दोन प्लास्टरची, ब्राँझचा रंग दिलेली. त्यांच्या जागी ब्राँझ बसवायला क्लोटने पुन्हा ओतकाम केलं, तर झारने ती जोडी प्रशियाच्या राजाला भेट दिली. ती आज बर्लिनच्या क्लाइस्ट बागेत आहे. पुढे आणखी एक जोडी नेपल्सच्या राजाकडे गेली आणि राजवाड्याच्या दारात उभी राहिली. शेवटी क्लोटने जुन्यांच्या प्रती ओतायचं सोडून दोन नवी शिल्पं घडवली. ती १८५० मध्ये पुलावर बसली आणि तेव्हा कुठे चारही कोपरे चार वेगळ्या शिल्पांनी भरले. १९४१ मध्ये जर्मन वेढा पडल्यावर लेनिनग्राडच्या (म्हणजे तेव्हाच्या पीटर्सबर्गच्या) लोकांनी हे घोडे उतरवून शेजारच्या अनिचकोव्ह राजवाड्याच्या बागेत पुरले आणि १९४५ मध्ये उकरून परत जागेवर चढवले.

भाचीच्या वहीतलं ते पान आता फाडलंय. नव्या पानावर तिने सेंट पीटर्सबर्गमधले पीटरचे दोन्ही पुतळे शेजारी शेजारी काढलेत, खाली त्याच्या मरणाचं साल आणि कारण लिहून. ज्यांनी मूळ मेसेज तिच्या शाळेच्या ग्रुपवर टाकला, त्यांनी दुरुस्तीही त्याच ग्रुपवर टाकावी.