लेकरांसमोर तरी विचारू नका

भाद्रपदात परभणीच्या आमच्या घरी महालक्ष्म्या बसतात, दर्शनाला निम्मी गल्ली येते आणि दरवर्षी कोणीतरी माझ्या लेकीकडे बोट दाखवून विचारतेच, "हीच का हो दत्तक घेतलेली?" यंदा लेक प्रसादाची वाटी पुढे करत असतानाच हे विचारले गेले, तिने वाटी तशीच खाली ठेवली आणि ती आतल्या खोलीत निघून गेली. ती सगळे ऐकते, हे मोठ्या माणसांना कळू नये? बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ६३ नुसार दत्तक आदेश झाला की मूल वारसाहक्कासह सर्व बाबतींत दत्तक आईवडिलांचेच ठरते. मग "खरी आई कुठे असते?" ही चौकशी कशासाठी?

बालसंगोपन योजनेतून आमच्याकडे राहणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. त्याची आई आजारी आहे, ती त्याला भेटायला येते आणि ती बरी झाली की तो तिच्याकडे परत जाणार आहे. त्याच्यासमोर मात्र लोक आम्हाला "सरकार किती देते?" असे विचारतात. दरमहा २२५० रुपये मिळतात, तेही त्याच्यासाठी, आणि शाळेच्या वह्या, चपला, दवाखाना यांतच ते संपतात. पैशांसाठी लेकरू ठेवले, हे त्या पोराने आमच्याच ओसरीवर उभे राहून का ऐकावे? काही विचारायचेच असेल, तर मला एकटीला बाजूला घेऊन विचारा.