नूब सायबॉटच्या नावात दोन माणसं आहेत

परत एकदा तीच पोस्ट फिरतेय. एड बूनचा हसरा फोटो आणि खाली 'मॉर्टल कॉम्बॅटचा बाप', म्हणजे त्या रक्तबंबाळ मारामारीच्या व्हिडिओ गेमचा. दोन दिवस हात आवरून बसलो, आज नाही राहवत. लांबलचक होणार आहे, फायटिंग गेमशी देणंघेणं नसेल तर खुशाल पुढे सरका.

आधीच सांगून ठेवतो, मला बूनचा राग वगैरे अजिबात नाही. माणूस भारी आहे. पण 'बाप' म्हटलं की माझं डोकं फिरतं, कारण १९९२ ला शिकागोत मिडवे या गेम कंपनीसाठी पहिला गेम बनला तेव्हा मूळ टीम चार जणांची होती, मोजून चार. बूनने कोड लिहिला. जॉन टोबायसने कॅरेक्टर्स, आर्ट आणि कथा केली. जॉन व्होगेल ग्राफिक्सला आणि डॅन फोर्डन साउंडला (हाच तो, दुसऱ्या पार्टमध्ये अपरकट, म्हणजे खालून वर हाणलेला ठोसा, बसला की कोपऱ्यातून डोकं काढून 'टोस्टी!' ओरडणारा). बरं, नाव तरी या चौघांचं का, तर तेही नाही. बोर्डवर नावं लिहून ठेवलेली, कुणीतरी कॉम्बॅटच्या 'सी'वर 'के' गिरवलेला, आणि ते बघून पिनबॉल डिझायनर स्टीव्ह रिची म्हणाला की मग मॉर्टल कॉम्बॅटच ठेवा ना. झालं नाव.

आता मला सांगा, मॉर्टल कॉम्बॅट म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर पहिलं काय येतं? गोलातला ड्रॅगन, पिवळा निन्जा स्कॉर्पियन, निळा निन्जा सब-झीरो, टोपीवाला रायडन, चार हातांचा गोरो. हे बहुतेक सगळं टोबायसच्या डोक्यातून आलंय. हा गडी आधी कॉमिक्स काढायचा, घोस्टबस्टर्सच्या कॉमिकवर काम केलेलं, त्यामुळे त्याला एक गोष्ट पक्की माहीत होती की मारामारी कुणाची चाललीये आणि का, हे कळलं नाही तर बघणारा पाच मिनिटांत कंटाळतो. म्हणून स्कॉर्पियन आणि सब-झीरोचं जुनं वैर आलं, म्हणून शँग त्सुंग हा खलनायक जादूगार आला, आउटवर्ल्ड ही दुसरी दुनिया आली. गेमच्या जोडीला निघालेलं कॉमिकसुद्धा त्यानेच लिहिलं आणि त्यानेच काढलं. आणि गंमत बघा, गेममधली माणसं खऱ्या नटांना शूट करून बनवलेली, आणि स्कॉर्पियन आणि सब-झीरो मुळात एकच शूटिंग आहे! कॉइन टाकून खेळायच्या त्या मशीनला मेमरी कमी, म्हणून एकाच निन्जाचे रंग बदलून दोन केले, मग हिरवा रेप्टाइल केला. नुसता रंग बदललेल्या दोन चित्रांवरून पोरं तीस वर्षं 'माझा भारी की तुझा' करत भांडतायत, याला लिहिणाऱ्याची ताकद म्हणायचं नाही तर काय म्हणायचं.

मग बूनने काय केलं? इथे लोक दुसरी चूक करतात (मीही केलीये, सांगतो पुढे). 'तो काय, नुसता प्रोग्रामर' असं म्हणतात. अरे बाबा, फायटिंग गेममध्ये 'नुसता प्रोग्रामर' असं काही नसतं! तो अपरकट आठवा. खाली बसायचं, बटण दाबायचं, समोरचा थेट वर उडतो, रक्त, आवाज, सगळं एका क्षणात. तो फटका हाताला लागतो ना, तो कोडमध्ये असतो. चित्र कितीही देखणं असू दे, बटण आणि फटका यांच्यात जरा जरी ढिलाई आली तरी खेळणारा दुसरं कॉइन टाकत नाही. आणि फेटॅलिटीचं, म्हणजे मॅच संपल्यावर हरलेल्याला भयंकर पद्धतीने मारायच्या त्या शेवटच्या चालीचं, मूळ बूनने स्वतः सांगितलेलं आहे. त्या काळच्या फायटिंग गेम्समध्ये मार खाऊन खाऊन कॅरेक्टर मध्येच भोवंडायचं आणि समोरच्याला एक फुकटचा फटका मिळायचा. मारणाऱ्याला मजा, पण ज्याचं कॅरेक्टर झुलतंय त्याला वैताग. म्हणून त्यांनी ते उचलून मॅचच्या शेवटी नेलं. हरणारा तसाही हरलेलाच आहे, आता मार काय मारायचा तो. तिथून 'फिनिश हिम' आलं. सगळं जग रक्तावरून बोंबललं, १९९३ ला अमेरिकन सिनेटमध्ये सुनावणी झाली, पण त्याच्या मुळाशी खेळणाऱ्याचा वैताग कमी करायचा साधा विचार होता. शिवाय स्कॉर्पियनचं 'गेट ओव्हर हिअर' हा आवाजही बूनचाच.

एक अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या गेमच्या मशीनमध्ये मालकासाठी एक हिशोबाचा मेनू होता, त्यात एका ओळीत 'अर्मॅक्स' असं दिसायचं. बूनच्या लेखी ते एरर मॅक्रो, म्हणजे गडबड झाली की मोजायची सोय, बाकी काही नाही. पण पोरांनी ते वाचलं आणि ठरवून टाकलं की अर्मॅक नावाचा लाल निन्जा कुठेतरी लपलाय. कुणी म्हणे मी बघितला, कुणी म्हणे मी हरवला. शेवटी १९९५ ला अल्टिमेट मॉर्टल कॉम्बॅट ३ मध्ये अर्मॅक खरोखर आणावा लागला. आता याचं क्रेडिट कुणाला देता? बूनला, की थापा मारणाऱ्या पोरांना?

तर माझी चूक. मी कित्येक वर्षं टोबायसच्या बाजूने भांडायचो, एका मित्राशी तर यावरून दोन महिने बोललो नव्हतो (हसू नका). माझं म्हणणं, टोबायस गेला आणि आत्मा गेला. मग त्या मित्रानेच एक दिवस विचारलं, 'ताओ फेंग खेळलायस का रे?' मिडवे सोडल्यावर टोबायसने स्टुडिओ गिगांटे काढला आणि २००३ ला एक्सबॉक्सवर ताओ फेंग आणला. तोच माणूस, तीच चिनी दंतकथांची आवड, फायटिंग गेमच. आज कुणाला आठवतो? मला स्वतःला एकाही कॅरेक्टरचं नाव सांगता आलं नाही. त्या दिवशी माझी बोलती बंद झाली.

पण मी पण काही कमी नाही, चार दिवसांनी उत्तर घेऊन गेलो. बरं बाबा, बून एकट्याने काय केलं? २००२ च्या डेडली अलायन्समध्ये सुरुवातीलाच लिऊ कँगला, म्हणजे सिरीजच्या हिरोलाच, मारून टाकलं आणि नवीन कॅरेक्टर्स आणली. त्यातलं केन्शीसारखं एखाददुसरं सोडलं तर कोण उरलंय? सू हाओ? मोकॅप? आणि २०११ ला जेव्हा सिरीज खऱ्या अर्थाने उभी राहिली तेव्हा गोष्ट कुठली घेतली, तर पहिल्या तीन गेम्सचीच, नव्याने सांगितलेली. म्हणजे टोबायस असतानाची. ती लिहिणाऱ्यांत व्होगेल होता, त्या पहिल्या चौघांतलाच. घर बूनने सावरलं हे मान्य, पण चौकट जुनीच होती.

तरीपण सावरणं ही काय साधी गोष्ट आहे का? २००९ ला मिडवे दिवाळखोरीत गेली. वॉर्नर ब्रदर्सने सिरीज विकत घेतली, पुढच्या वर्षी बूनच्या टीमचा नेदररेल्म स्टुडिओज झाला. अशा खरेदी-विक्रीत किती सिरीज कपाटात जातात त्या परत निघतच नाहीत, आणि हा माणूस १९९२ पासून तिथेच चिकटून बसलाय. म्हणून माझं आजचं मत विचाराल तर मॉर्टल कॉम्बॅट जन्माला घातला त्याचं क्रेडिट दोघांना, आणि त्यात टोबायसला जरा जास्तच. तो जिवंत ठेवला त्याचं मात्र बूनला, आणि त्यात मी वाटणी मागणार नाही. फोटोखाली 'बाप' लिहिणारे या दोन्हीची खिचडी करतात एवढंच माझं दुखणं आहे. फोटोत जो शेवटपर्यंत उभा असतो त्याचंच नाव लागतं.

आणि जे फोटोत कधीच नव्हते ते? गोरोचं मातीचं मॉडेल कर्ट कियारामॉन्टेने घडवलेलं, फ्रेम-फ्रेमने हलवून शूट केलेलं. आणि डॅनियल पेसिना! पहिल्या गेममध्ये जॉनी केज तोच, स्कॉर्पियन तोच, सब-झीरो तोच, रेप्टाइलही तोच. घरच्या कन्सोलवरच्या गेममध्ये आपली छबी वापरली म्हणून तो मिडवेविरुद्ध कोर्टात गेला आणि १९९६ ला हरला. कोर्टाचं म्हणणं साधारण असं की स्क्रीनवरचं चित्र इतकं बदललेलं आहे की बघणाऱ्याला त्यात पेसिना ओळखू येत नाही. कायद्याने बरोबरही असेल, मला कायदा कळत नाही. पण लाथ त्याने मारली होती ना राव.

दुसऱ्या पार्टमध्ये एक लपलेला फायटर आहे, नूब सायबॉट. नुसती काळी सावली, चेहरा नाही, काही नाही. इंग्रजी स्पेलिंग उलटं वाचा, बून आणि टोबायस, दोघांची आडनावं निघतात. सगळ्यांना माहीत असलेलं गुपित आहे हे. पण त्या काळ्या रंगाच्या आत जो माणूस हातपाय हलवतोय तो पेसिना आहे.