सुरू होतोय, दोन मिनिटं!

आमचा लॅपटॉप वेळ घ्यायचा. किती? बटण दाबून मी दाढी करायला जायचो, दाढी आटोपून यायचो, तरी पडद्यावर ते गोल फिरणारे ठिपके फिरतच असायचे. आत ४ जीबी रॅम (म्हणजे काम चालू असतानाची मेमरी) आणि जुन्या जातीची हार्ड डिस्क. ही डिस्क मिनिटाला ५४०० गरके मारते, म्हणजे सेकंदाला ९०. एवढी गरगरूनही तिला एक साधी फाईल वेळेवर सापडत नसे. आमच्या ऑफिसातही अशी दोन माणसं आहेत, पण त्यांना उघडून बघता येत नाही.

"सुरू होतोय, दोन मिनिटं!" हे वाक्य मी दिवसातून दहादा म्हणायचो. साहेबांना, बायकोला, लाइट बिल भरायची आठवण करणाऱ्या कोणालाही.

शेवटी लेकीनेच फर्मान काढलं. "बाबा, रॅम वाढव आणि एसएसडी टाक. घरी होतं. व्हिडिओतला मुलगा सात मिनिटांत करतो." एसएसडी म्हणजे न गरगरणारी, नुसत्या चिपांची डिस्क. त्या मुलाला मी अजून माफ केलेलं नाही.

रॅम मागवली ती डेस्कटॉपची निघाली. लॅपटॉपची पट्टी जेमतेम ७ सेंटिमीटर, ही १३. बसवली असती तर अर्धी शेपटीसारखी बाहेर राहिली असती. ती परत पाठवून अभ्यासाला बसलो. डीडीआर ३ आणि डीडीआर ४ या रॅमच्या दोन पिढ्या, त्यांच्या पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, म्हणजे भलती पट्टी भलत्या ठिकाणी बसूच नये. ज्याने हे ठरवलं त्याने माझ्यासारखी माणसं जवळून पाहिली असणार. एसएसडीत मात्र ही माया नाही. एम डॉट टू जातीच्या पट्टीवर २२८० लिहिलेलं असतं, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब. तेवढ्याच मापात संथ चालीची साटाही येते आणि वेगवान एनव्हीएमईही. दोघी बहिणी-बहिणी दिसतात, आणि स्लॉट कधी कधी एकीलाच घरात घेतो. (काही लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डवर डकवूनच टाकलेली असते. त्यांचे मालक रात्री शांत झोपतात.)

रविवार उजाडला. आधी अंगातली वीज उतरवायची होती. आपल्याला चटका जाणवायला साधारण ३००० व्होल्ट लागतात, चिप त्याहून कितीतरी कमीत गतप्राण होते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. म्हणून मी नळाला हात लावून उभा राहिलो.

"पाणी गेलंय का?" बायकोने विचारलं.

"नाही. वीज उतरवतोय."

तिने पुढे काही विचारलं नाही. मोठ्या मनाची आहे.

खालच्या झाकणाला नऊ स्क्रू दिसत होते. नऊही काढले, झाकण ढिम्म. उरलेले दोन रबरी पायांच्या खाली दडून बसले होते. स्क्रू तीन लांब्यांचे असतात, लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर आतलं काहीतरी फुटतं, असं वाचलं होतं. म्हणून कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून ज्याचा स्क्रू त्याच्या जागी ठेवला. माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. तेवढ्यात "किती घामाघूम झालायस रे" म्हणत बायकोने पंखा लावला. कागद उडाला. अकराही स्क्रू फरशीवर चौफेर.

ते रांगत गोळा केले आणि प्लॅस्टिकचं जुनं कार्ड फटीत सारून झाकण उचकटायला घेतलं. दर दोन बोटांवर "कट्ट!" प्रत्येक कट्टला मला लॅपटॉपची बरगडी गेल्यासारखं वाटे आणि लेक म्हणे, "बरोबर चाललंय." आत पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा. सोडवला. एसएसडी सरकवली, तर ती डोकं आत आणि शेपूट हवेत, अशी तिरकी उभी. तिला दाबून आडवी धरायची आणि मुंगीएवढा स्क्रू लावायचा. याला तीन हात लागतात. तिसरा लेकीने दिला.

रॅमची पट्टी तिरपी आत ढकलायची आणि मग खाली दाबायची, की दोन्हीकडच्या क्लिपा टक्कन बसतात. पण ढकलायची किती? मी नवजात बाळाला टोपी घालावी तशी घातली. बॅटरी जोडली, बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळा.

पुन्हा उघडलं. पट्टीचे सोनेरी दात बाहेर डोकावत होते. या खेपेला जोर लावला. टक्क! बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळा. दहा सेकंदं, वीस, तीस. घरात कोणी बोलेना. बंद करायला बोट पुढे केलं आणि साहेबांचा फोन आला.

"ती फाईल पाठवताय ना?"

"हो सर, लॅपटॉप सुरू होतोय, दोन मिनिटं." आयुष्यात पहिल्यांदा मी हे वाक्य प्रार्थना म्हणून म्हणालो. फोन ठेवतो तर पडदा उजळलेला! नवी मेमरी दिसली की पहिल्या खेपेला तिला कोणता वेग झेपतो याची चाचपणी होते, म्हणून वेळ लागतो, हे नंतर वाचनात आलं. फोन आला नसता तर मी तिसऱ्यांदा पोट फाडलं असतं. साहेबांचा असा उपयोग झाल्याचं हे एकमेव उदाहरण.

जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या एसएसडीवर उतरवायला रात्र गेली. सकाळी लॅपटॉपला नव्या एसएसडीवरून उठायला सांगायचं होतं. त्यासाठी बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगांत, शिरायची कळ कुठली ते आठवेना, म्हणून एफच्या सगळ्या किया पेटीसारख्या वाजवल्या. ५१२ जीबीची एसएसडी ४७६ दाखवू लागली तेव्हा ३६ जीबी मीच कुठे सांडले, म्हणून धस्स झालं. कारखाना जीबी हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या, एवढंच.

आता लॅपटॉप बारा सेकंदांत उठतो. दाढीचा ब्रश भिजतही नाही. काल साहेबांचा फोन आला, मी सवयीने "सुरू होतोय, दोन..." म्हणालो आणि समोर फाईल उघडी! दुपारी लाइट बिल भरलं, संध्याकाळी मेव्हण्याचा बायोडेटा टाइप केला.

जुनी हार्ड डिस्क मी टाकलेली नाही. कपाटात जपून ठेवली आहे, तिचे चारही स्क्रू चिकटपट्टीने तिलाच लावून.