पीआयडी ६६ दाखवतोय म्हणजे मॅश ६६ वर आहे असं नाही हो

घरी बिअर बनवणाऱ्या होमब्रूवाल्यांमध्ये एक मेसेज सारखा फिरत असतो, की रीसर्क्युलेशन सिस्टीमला (मॅशमधलं पाणी पंपाने फिरवत तापवणारी) पीआयडी, म्हणजे तापमान सांभाळणारा कंट्रोलर, लावला की विषय संपला, ६६ डिग्री सेल्सियस सेट करा, अख्खा मॅश (गरम पाण्यात भिजवलेला दळलेला माल्ट, ज्यात एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात) दशांशापर्यंत ६६ वर राहतो, सेन्सर कुठेही लावा, पंप फुल सोडा, हीटिंग एलिमेंट जेवढा मोठा तेवढा भारी. एकेक घेऊ.

"अख्खा मॅश ६६." पीआयडीला फक्त सेन्सरच्या टोकाशी काय चाललंय तेवढंच कळतं. मधे ६६ आणि कडेला दोन डिग्री कमी, हे सर्रास असतं.

"सेन्सर कुठेही." सगळ्यात मोठा घोळ इथेच आहे. रिम्समध्ये, म्हणजे ट्यूबमध्ये एलिमेंट बसवलेल्या सिस्टीममध्ये, वर्ट (माल्टमधून निघालेला गोड रस) थेट एलिमेंटवरून जातो. १५०० वॅटचा एलिमेंट फुल चालू असेल आणि फ्लो मिनिटाला ४ लिटर असेल तर ट्यूबमधून जाताना वर्ट साधारण साडेपाच डिग्रीने तापतो, फ्लो २ लिटरवर आला की जवळपास ११ डिग्री. म्हणजे ६६ ने आत गेलेला वर्ट ७७ ने बाहेर, तो तर मॅश-आऊट (शेवटी एन्झाइम्स थांबवायला मॅश तापवणं) झाला की! आणि एन्झाइम्स काय दाण्यात बसून राहत नाहीत, वर्टमध्ये विरघळून त्याच ट्यूबमधून फिरतात, त्यामुळे त्यांतला उष्णतेने लवकर मरणारा बीटा अमायलेज तिथेच मरायला लागतो. सेन्सर माल्टमध्ये खुपसला असेल तर पीआयडीला याचा पत्ताच नाही, तो आपला हीट देतच राहतो. म्हणून सेन्सर ट्यूबच्या आउटलेटला लावा आणि माल्टमध्ये वेगळा थर्मामीटर ठेवा.

"पंप फुल." केलात की माल्टचा थर दबतो, मॅश अडकतो, फ्लो थांबतो आणि एलिमेंटवर वर्ट करपतो, तो वास मग बिअरमधून जात नाही. व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, फ्लो थांबला की एलिमेंट आपोआप बंद होईल असा फ्लो स्विच टाका, इथे पैसे वाचवू नका.

"मोठा एलिमेंट." २० लिटर पाणी आणि ५ किलो माल्टला १५०० वॅट म्हणजे डिग्रीला साधारण एक मिनिट, स्टेप मॅशला (टप्प्याटप्प्याने तापमान वाढवण्याला) एवढं पुरतं.

हर्म्सवाले (ज्यांचा वर्ट गरम पाण्यात बुडवलेल्या कॉइलमधून फिरतो) म्हणतील आमच्याकडे करपत नाही, खरंय, पण कॉइलभोवतीचं पाणी ८० ला ठेवून फ्लो कमी केलात तर एन्झाइम्सचं तेच होणार.

आणि दशांशाचं एवढं काय घेऊन बसलात? ६६ आणि ६६.५ चा फरक ग्लासात कळत नाही. माल्ट टाकतानाच पाणी ७० ऐवजी ७५ ला असेल तर मात्र सुरुवातीच्या मिनिटांतच खेळ बिघडतो, आणि तिथे पीआयडी काहीच करू शकत नाही, कारण त्याला फक्त तापवता येतं, गार करता येत नाही.