कमरेवर हात ठेवून डिप्रेशन जात नाही, मावशी

‘शरीर बदला, मन आपोआप बदलेल’ हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. त्यात पाच दावे आहेत. दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून छाती काढून उभं राहिलं की हार्मोन बदलतात. दातांत पेन्सिल धरली की चेहरा हसरा होतो, मेंदू फसतो आणि आनंद होतो. खोटं हसणं खऱ्याइतकंच औषधी असतं. रोज ४० मिनिटं चालणाऱ्याला डिप्रेशनच्या गोळ्या लागत नाहीत. आणि संवादातला ९३ टक्के भाग देहबोलीचा असतो, म्हणून हाताची घडी म्हणजे बंद मन. शेवटी तीनदा जोडलेले हात आणि ‘हार्वर्डने सिद्ध केलंय’.

असले मेसेज मी न वाचता पुसते. हा पुसला नाही, कारण मुलुंडच्या मावशीने तो थेट आपल्या सुनेला पाठवला. वहिनीच्या गोळ्या गेल्या वर्षीपासून चालू आहेत, आता कुठे तिला झोप लागते, जेवण जातं. मेसेजखाली मावशीची पुरवणी: ‘बघ, मी म्हणत होते ना? गोळ्या बंद कर आणि उठून चालायला लाग.’ वहिनीने एक शब्दही न लिहिता तो मला पुढे ढकलला.

म्हणून क्रम गेला खड्ड्यात, चौथा दावा आधी.

चालण्याने, व्यायामाने डिप्रेशन कमी होतं का? होतं. हे कबूल करावंच लागेल, आणि पुरावाही चांगला आहे. २०२४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २१८ अभ्यासांचा, १४,१७० माणसांचा एकत्रित आढावा आला. चालणं-जॉगिंग, योगासनं, वजनं उचलणं या सगळ्यांचा मध्यम फायदा दिसला, आणि व्यायाम जितका दमवणारा तितका जास्त. फॉरवर्ड करणारे इथेच थांबतात. पुढे काय लिहिलंय? की या निष्कर्षांवरचा भरवसा कमी आहे, कारण बहुतेक अभ्यासांची बांधणी कच्ची होती. साहजिक आहे, आपण चालतोय की नाही हे चालणाऱ्याला कळतंच, त्याला खोटी गोळी देऊन फसवता येत नाही. आणि लेखकांची शिफारस आहे की व्यायामाला समुपदेशन आणि औषधं यांच्या जोडीने उपचारांत जागा द्यावी. जोडीने, मावशी. ‘ऐवजी’ असं तिथे कुठेही नाही.

गोळ्या बंद केल्या तर काय होतं, तेही मोजलेलं आहे. ब्रिटनमधल्या ४७८ रुग्णांचा अभ्यास २०२१ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. हे सगळे बरे वाटू लागलेले, गोळ्या थांबवायचा विचार करणारे लोक. निम्म्यांच्या गोळ्या चालू ठेवल्या, निम्म्यांच्या हळूहळू कमी करत बंद केल्या, आणि आपण कुठल्या गटात आहोत हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. वर्षभरात बंद केलेल्यांपैकी ५६ टक्क्यांना डिप्रेशन परत आलं, चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना. म्हणजे गोळ्या सुटूच शकत नाहीत असं नाही. बंद करूनही बऱ्याच जणांना त्रास झाला नाही. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पायरीपायरीने. सासूच्या मेसेजवरून सोमवारी सकाळी डबी कचऱ्यात टाकली तर चक्कर, मळमळ, उडालेली झोप, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं, हे सगळं पदरात पडू शकतं. मग ‘बघा, गोळ्यांची सवय लागली होती’ म्हणायला तीच माणसं पुढे.

आणि ‘उठून चाल’ हे बोलणंच मला टोचतं. डिप्रेशनमधल्या माणसांची चाल मंदावते, हात कमी हलतात, खांदे उतरतात, हे २००९ साली जर्मनीतल्या अभ्यासात कॅमेऱ्यांनी मोजून दाखवलंय. अंग जड होणं हा त्या आजाराचाच भाग. पाय मोडलेल्याला ‘पळ, म्हणजे हाड जुळेल’ म्हणण्यातला हा प्रकार आहे. खरंच चालवायचं असेल तर संध्याकाळी पाच वाजता चपला घालून तिच्यासोबत खाली उतरावं, कोपऱ्यापर्यंत जाऊन यावं आणि वाटेत गोळ्यांचा विषय काढू नये. फॉरवर्ड करण्यापेक्षा हे कष्टाचं आहे, मान्य. शंका असेल तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात.

बाकीचं पटापट.

कमरेवर हात: मूळ अभ्यास २०१० चा, माणसं ४२. लेखिकांपैकी एक तेव्हा हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये होत्या, ‘हार्वर्ड’ आलं ते तिथून. पुढे २०१५ साली २०० माणसांवर तोच प्रयोग केला तर हार्मोन जागचे हलले नाहीत. २०१६ मध्ये मूळ अभ्यासाच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनी स्वतःच जाहीर लिहिलं की हा परिणाम खरा आहे असं आता मला वाटत नाही. ताठ उभं राहिल्यावर ‘जरा जोर आल्यासारखं वाटतंय’ असं लोक सांगतात, तेवढं खरं. मुलाखतीआधी कुणाला उभं राहायचं तर राहू दे, कुणाचं काही जात नाही.

पेन्सिलीचा प्रयोग १९८८ चा. २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी तो पुन्हा केला आणि परिणाम सापडला नाही. २०२२ साली १९ देशांतल्या ३,८७८ माणसांवर पाहिलं, तेव्हा मुद्दाम हसरा चेहरा केल्याने किंचित बरं वाटतं असं निघालं, पेन्सिलीबद्दल मात्र धड उत्तर नाहीच. किंचित, बरं का. लाइट बिल पाहून झालेलं दुःखसुद्धा त्याने जायचं नाही.

खोट्या हसण्याबद्दल मी जपून बोलते, कारण लाफ्टर क्लब हे आपल्याच मुंबईचं अपत्य. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ साली अंधेरीच्या लोखंडवालात मूठभर लोकांना घेऊन तो सुरू केला. तिथे जाणाऱ्यांना बरं वाटतं यात मला शंका नाही. पण पहाटे उठणं, मोकळी हवा, हातवारे, शेजारच्या काकांची चौकशी, नंतरचा चहा, यातलं औषध नेमकं कुठलं हे मेसेजवाल्याने कसं ठरवलं?

राहिले ९३ टक्के. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या दोन छोट्या प्रयोगांतून आलेला हा आकडा: ७ टक्के शब्द, ३८ टक्के आवाज, ५५ टक्के चेहरा. तोही फक्त भावना आणि आवडनिवड कळण्यापुरता, हे त्यांनी स्वतः सांगितलंय. म्हणजे ९३ मधले ३८ तर आवाजाचे, आणि उरलेले चेहऱ्याचे. हाताची घडी त्या हिशेबात कुठे बसतच नाही. सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये अख्खा डबा हात आवळून उभा असतो. बंद मनामुळे नव्हे, हात ठेवायला दुसरी जागा नसते म्हणून.