नदीकाठी डिझाइन हॉटेल काढणाऱ्यांसाठी काही सूचना

आपण नदीकाठी डिझाइन हॉटेल काढणार असाल, तर सर्वप्रथम पाहुणा ही अडचण मनातून काढून टाकावी. तो सामान घेऊन येतो, दमलेला असतो आणि छायाचित्रात शोभत नाही.

दाराला मूठ ठेवू नये.

नदी दिसावी म्हणून जमिनीपासून छतापर्यंत काच लावावी, मात्र ती उघडणार नाही याची खबरदारी घ्यावी. पाहुण्याने नदीचे पैसे मोजलेले असतात, वाऱ्याचे नव्हे. न्हाणीघराची भिंतही काचेचीच असावी. एका खोलीत आई आणि तिचा कर्ता मुलगा उतरू शकतात, असल्या क्षुद्र शंका आर्किटेक्टपुढे काढू नयेत.

दिव्यांच्या बाबतीत मात्र हयगय नको. साधे बटण गावंढळ दिसते, तेव्हा उशाशी काळ्या काचेची पट्टी बसवावी आणि तिच्यावर अंधारात मुळीच न दिसणारी करडी चित्रे काढावीत. परवा अशाच एका हॉटेलात मध्यरात्री मी पलंगाखालचा निळा प्रकाश बंद करू गेलो. चंद्रावर बोट ठेवले तर आरसा उजळला, अर्धवर्तुळावर ठेवले तर एसी घुमू लागला, आणि तिसऱ्या चित्राने खोलीतले झाडून सगळे दिवे लावून पडदे सावकाश, समारंभपूर्वक उघडले. नदीकाठच्या पायवाटेवरून चाललेल्या मंडळींनी बनियनवरच्या मला मान वर करून पाहिले. स्वागतकक्षाला फोन केला, तेव्हा ‘तो मूड लाइट आहे सर, तो पूर्ण बंद होत नाही’ असे कौतुकाने सांगण्यात आले. शेवटी अंघोळीचे टॉवेल पलंगाखाली कोंबून मी झोपलो.

कोणी डॅनिश आर्किटेक्ट आर्ने याकोबसेनचे नाव काढल्यास विषय बदलावा. कोपनहेगनमध्ये १९६० साली उघडलेल्या एसएएस रॉयल हॉटेलची इमारत, खुर्च्या, काटेचमचे, दारांच्या मुठीसुद्धा त्यानेच आखल्या. पण त्याच्या खुर्चीत बसता येत असे आणि मूठ हातात मावत असे. इतके जुनाट राहून कसे चालेल?

अहो, एका रात्रीचे एवढे पैसे घेता, तर दिव्याला एक बटण लावायला काय धाड भरली आहे? गरम कोणते आणि थंड कोणते ते सांगणारा नळ, ओला टॉवेल अडकवायला एक खुंटी, एवढेही ज्याला सुचत नाही त्याने प्रवाहाशी नाते सांगणाऱ्या छताच्या गप्पा मारू नयेत. उद्घाटनापूर्वी त्या खोलीत स्वतः एक रात्र झोपा, दिवे बंद करून दाखवा आणि मग दर ठरवा.