पेट्या उचलून पायलट होतंय का? उचगावच्या काकांच्या कॉमेंटला उत्तर

नमस्कार काका,

दोन ओळीत उत्तर देऊन मोकळा होणार होतो, पण हाच प्रश्न अजून बऱ्याच जणांच्या मनात असणार म्हणून जरा सविस्तरच लिहितो. ज्यांनी कॉमेंट बघितली नाही त्यांच्यासाठी, काकांचं म्हणणं असं की अमेरिकेतल्या कार्गो (मालवाहू विमानांच्या) कंपनीत पेट्या उचलण्यासारख्या आतल्या नोकरीतनं पायलट होता येतं असं लिहून मी पोरांची दिशाभूल करतोय, मार्केट यार्डात गुळाचे रवे उचलणारा हमाल कधी अडत्या झालेला बघितलाय काय, आणि माझा लेख वाचून त्यांचा पुतण्या आता कुठल्यातरी क्लासला ग्राउंड स्टाफच्या कोर्सचे पैसे भरायला निघालाय.

पुतण्याचं शेवटी बोलू, आधी हमालाचं. नुसते रवे उचलून कोण अडत्या होत नाही, कबूल, कारण त्यातनं भांडवल उभं राहत नाही. पण यार्डात उभी हयात काढलेल्या माणसानं कुठनंतरी भांडवल उभं केलं, आणि त्याच दिवशी बाहेरनं एकजण नुसता पैसा घेऊन आला, तर व्यापारी आधी कुणाला ओळखणार? माझ्या लेखात एवढंच होतं बघा. आणि पायलटच्या धंद्यात भांडवल म्हणजे उड्डाणाचे तास, ते कंपनी देत नाही, ते ज्याचे त्यानं बाहेर करायचे असतात, हे पण मी लिहिलं होतं, तुम्ही ते वगळून वाचलंय असं मला वाटतं, राग मानू नका.

तासांचा हिशेब असा आहे. अमेरिकेत २५० तासांच्या आसपास कमर्शियल लायसन मिळतं, पण यूपीएस किंवा फेडेक्स या तिथल्या बड्या कार्गो कंपन्यांच्या मोठ्या विमानात को-पायलट म्हणून बसायचं तर एटीपी हे सगळ्यात वरचं लायसन लागतं, म्हणजे साधारण १५०० तास. २००९ ला बफेलोजवळ एक विमान पडलं, त्यानंतर कायदा आला आणि २०१३ पासून हा नियम को-पायलटला पण लागू झाला. मग २५० ते १५०० मधले तास कसे काढायचे? बहुतेक पोरं फ्लाइंग स्कूलमध्ये इन्स्ट्रक्टर होतात, दिवसभर दुसऱ्याला शिकवत स्वतःचे तास भरत बसतात. त्यात पगार म्हणजे नावाला. इथंच ती आतली नोकरी कामाला येते.

माझा मावसभाऊ अमेरिकेत लुईव्हिलला आहे, यूपीएसचं वर्ल्डपोर्ट म्हणजे पार्सल वेगळी करायचं मुख्य केंद्र जिथं आहे तिथं. तिथलं काम रात्रीचं असतं, अकराच्या सुमारास देशभरनं विमानं उतरायला लागतात, तीन-चार तासात सगळा माल उतरवून, वेगळा करून, परत भरून पहाटेच्या आत विमानं उडालीच पाहिजेत. तासाला चार लाखाच्या वर पार्सलं सॉर्ट होतात तिथं. हा गडी रात्री सॉर्टला, पहाटे घरी, जरा झोपून दुपारी एअरफिल्डवर शिकवायला. अर्धवेळ कामाला पण मेडिकल इन्शुरन्स होता आणि कॉलेजच्या फीला वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत मदत होती. विमानाच्या तासांच्या खर्चापुढं ही रक्कम किरकोळच आहे, पण इन्शुरन्स आणि घरभाडं सुटलं की माणूस टिकतो हो, नाहीतर निम्मी पोरं मधेच सोडून दुसऱ्या धंद्याला लागतात.

मावशी मात्र इथं शाहूपुरीत बसून सगळ्यांना "पोरगा विमान कंपनीत आहे" एवढंच सांगायची, पेट्यांचं नाव काढायची नाही. असो.

आता पेट्या उचलण्याला तुम्ही हमाली म्हणून सोडून दिलं, त्यावर मला जास्त बोलायचंय, कारण मी स्वतः मुंबईला कार्गोत लोड कंट्रोलला, म्हणजे विमानातल्या मालाच्या वजनाचा हिशेब ठेवायचं काम केलंय. मालवाहू विमानात माल कुठं ठेवायचा हे मनाला येईल तसं ठरत नाही. प्रत्येक पॅलेटचं (माल रचलेल्या फळीचं) वजन, त्याची जागा, त्यावरनं विमानाचा तोल कुठं येतो हे सगळं लोडशीटवर येतं आणि कॅप्टन त्यावर सही करतो. मागची बाजू आधी भरली, किंवा उतरवताना पुढचा माल आधी काढला, की नाकाचं चाक उचलतं आणि विमान सरळ शेपटीवर बसतं. म्हणून मोठ्या मालवाहू विमानांना भरताना शेपटीखाली टेकू लावतात. ज्या पोरानं चार वर्षं रात्री रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी करतात त्या जागेवर, हे डोळ्यानं बघितलंय त्याला इंटरव्ह्यूत तोलाबद्दल विचारलं तर तो पुस्तकातलं सांगत नाही, आणि समोर बसलेल्या कॅप्टनला तो फरक दोन वाक्यात कळतो. लोड प्लॅनिंग, डिस्पॅच (उड्डाणाची आखणी), क्रू शेड्युलिंग, सिम्युलेटरची देखभाल, ही कामं तर त्याहून जवळची. डिस्पॅचरला तर हवामान, इंधन, रूट सगळं रोजचं, आणि त्याचा पायलटशी रोज फोन. तीनशे दिवस फोनवर नीट बोललेला माणूस शिफारस मागायला गेला तर कोण नाही म्हणत नाही.

आता तुमच्या बाजूचं पण सांगतो, कारण ते तुमच्या कॉमेंटमध्ये यायला हवं होतं आणि आलं नाही! पायलटची सिनिऑरिटी पायलट म्हणून कंपनीच्या ट्रेनिंगला बसल्याच्या तारखेपासनंच सुरू होते. आधी दहा वर्षं पेट्या उचलल्या असल्या तरी पायलटच्या यादीत तुम्ही शेवटीच, आणि कुठलं विमान, कुठला बेस, दिवाळीला सुट्टी का नाही, सगळं त्या यादीवर. वर ६५ ला निवृत्ती सक्तीची. म्हणजे आत रेंगाळलेलं प्रत्येक वर्ष कॅप्टनच्या पगारातनं वजा होतं. म्हणून आत राहायचं ते तास होईपर्यंतच, तास झाले की अर्ज टाकायचा आणि फक्त त्याच कंपनीवर नजर ठेवून बसायचं नाही. लहान फीडर कंपन्या असतात, फेडेक्ससाठी माउंटन एअर कार्गो, एम्पायर वगैरे, ते सेसना कॅरॅव्हॅनसारखी लहान विमानं छोट्या गावांना उडवतात. तिथं एकट्यानं खराब हवेत उडवायला १२०० तास लागतात, म्हणजे मोठ्या कंपनीच्या आधीच दार उघडतं. फेडेक्सनं २०१८ ला पर्पल रनवे म्हणून जो प्रोग्रॅम काढला तो याच फीडरमधनं वर यायची वाट म्हणूनच. मावसभाऊ पण मधे असल्याच एका ठिकाणी जाऊन आला, मगच यूपीएसमध्ये पायलटचा अर्ज लागला.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. हे सगळं ज्यांच्याकडं अमेरिकेत काम करायचा कायमचा हक्क आहे त्यांच्यासाठी, म्हणजे नागरिक नाहीतर ग्रीन कार्डवाले. भाऊ लहानपणीच तिकडं गेलाय. स्टुडंट व्हिसावर गेलेल्या पोरानं गोदामात रात्रपाळी धरली तर व्हिसाच जाईल. कोण एजंट "तिकडं जाऊन कार्गोत लागा, मग पायलट" असं सांगत असेल तर उठून यायचं.

आपल्याकडं काय? आपल्याकडं ही वाट फार अरुंद आहे. ब्लू डार्टची स्वतःची ७५७ मालवाहू विमानं आहेत, इंडिगोची ए३२१ आहेत, पण विमानं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी, त्यामुळं पायलटच्या जागाच मोजक्या. उजळाईवाडीला, आपल्या कोल्हापूरच्या विमानतळावर, २०२४ ला नवी टर्मिनल झाली, पोरांना ग्राउंडला नोकऱ्या लागतायत ही चांगलीच गोष्ट आहे, फक्त तिथं लागला म्हणून कॉकपिटची रांग सुरू झाली असं कुणी समजू नये. इथं सीपीएलला (कमर्शियल लायसनला) २०० तास लागतात, खर्च पन्नास लाखाच्या घरात आणि वर टाइप रेटिंग, म्हणजे ठराविक विमान उडवायचं ट्रेनिंग, वेगळं. ग्राउंडच्या पगारातनं ते उभं राहत नाही.

तर पुतण्या. त्याला म्हणावं क्लासचे पैसे आत्ता भरू नको. बारावीला फिजिक्स, मॅथ्स आहे का बघा, नसेल तर ओपन स्कूलमधनं ते विषय देता येतात. मग डीजीसीएच्या (सरकारच्या विमान खात्याच्या) यादीतल्या डॉक्टरकडं क्लास टू मेडिकल, म्हणजे पायलटसाठीची पहिली तपासणी, करून घ्या, त्याला काही हजारच लागतात. चष्म्याचं फार मनावर घेऊ नका, ठराविक नंबरापर्यंत चालतो, रंग ओळखण्यात गडबड निघाली तर मात्र लाखभर भरायच्या आधीच कळलेलं बरं. आणि ज्या क्लासनं त्याला "ग्राउंड स्टाफमधनं पायलट" असं सांगितलंय त्याला फी भरायच्या आधी एकच विचारा, तुमच्याकडनं असा झालेला एक पायलट फोनवर जोडून द्या म्हणावं. काय उत्तर येतंय ते इथंच खाली टाका.